स्वस्तातला वॉकीटॉकी घेताय? आधी ऊस किती वाढलाय ते बघा

आमची मोटर कृष्णेच्या काठाला आणि रान तिथनं पाऊण-एक किलोमीटर आत, भिलवडीकडं. रात्री लाईट आली की एकानं स्टार्टरपाशी आणि एकानं दारं धरायला रानात, असं वर्षानुवर्षं चाललंय. मोबाईल आहे की, पण ओल्या चिखलाच्या हातानं तो काढायचा, नंबर शोधायचा, नेमकी तेव्हाच रेंज जाणार, तोवर तिकडं पाईप निसटलेला असतो आणि पाणी दुसऱ्याच्या बांधावर. म्हणून दोन वर्षांमागं वॉकीटॉकीची जोडी घेतली, साडेतीन हजाराला. त्यात जे शिकलो ते लिहितोय, तुमचे पैसे आणि डोकं दोन्ही वाचेल.

पहिली गोष्ट कायद्याची, कारण इथंच बहुतेक जण फसतात. ऑनलाईन बघायला गेलं की बाओफेंग यूव्ही-५आर आणि त्याचे भाऊबंद दिसतात, स्वस्त, दोन बँडचे, चार-पाच वॅटचे, मोह होतोच. पण आपल्याकडं असला सेट लायसनशिवाय वापरता येत नाही. विनालायसन जे चालतं ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, ते पण कमी पॉवरवर, म्हणजे अर्ध्या वॅटपर्यंत. २०१८ च्या नियमात ही सूट दिलीय. सेटला ईटीए, म्हणजे त्या मॉडेलला सरकारची मंजुरी (टाईप अप्रूव्हल), असावी लागते. ऑनलाईन विकणाऱ्यांनी फ्रिक्वेन्सी आणि लायसनची माहिती स्पष्ट द्यावी म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना पण काढल्यात. तेव्हा घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा, फ्रिक्वेन्सी कुठली आणि ईटीए आहे का. "साहेब सगळं चालतंय" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. हा उगाच कागदी त्रास नाही, मिरज जंक्शनला गार्ड आणि ड्रायव्हर वॉकीटॉकीवरच बोलत असतात, पोलिसांचं पण तसंच, त्यांच्या मधे आपलं "मोटर बंद कर" घुसलं तर केवढ्याला पडेल विचार करा.

आता रेंज. बॉक्सवर "१० किमी" लिहिलेलं असतं ते वाचून सोडून द्या. या रेडिओच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणजे तुमचा अँटेना समोरच्या अँटेनाला "दिसला" पाहिजे. दीड मीटर उंचीवर सेट धरला तर सपाट जमिनीवर क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आतच संपतं, समोरचा पण तेवढ्याच उंचीवर असला तर दोघांचं मिळून नऊच्या आसपास, आणि हे मधे काहीही नसेल तर. आमच्यात मधे काय आहे? ऊस! ओली हिरवी पानं ४४६ चा सिग्नल चांगलाच खातात. लागण बारकी होती तेव्हा पार ओढ्यापलीकडनं आवाज खणखणीत यायचा, तोच ऊस डोक्याच्या वर गेल्यावर सात-आठशे मीटरवर नुसती खरखर. तोड झाली की परत ठणठणीत. सेट बिघडला म्हणून मी दोनदा दुकानात जाऊन आलो, दुकानदार हसला असंल मनात.

यावर उपाय जास्त वॅट नाही, उंची आहे. आम्ही आता जॅकवेलच्या, म्हणजे नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीच्या, कठड्यावर चढून बोलतो आणि रानातला माणूस ट्रॉलीवर उभा राहतो, तेवढ्या सहा-सात फुटानं फरक पडतो. १०० मीटर उंच टेकडावर उभं राहिलात तर तेच क्षितिज ३५ किलोमीटरवर जातं, म्हणून साताऱ्याची ट्रेकवाली पोरं अजिंक्यताऱ्यावरनं लांबपर्यंत बोलतात आणि खाली घळीत उतरली की शंभर पावलांवरचा पण ऐकू येत नाही. वासोट्याकडं जाणार असाल तर हे आधीच ठरवून घ्या, की घळीत, दाट झाडीत वॉकीटॉकीवर विसंबायचं नाही, उघड्यावर आल्यावरच बोलायचं, दर तासाला ठरलेल्या मिनिटाला. आणि वनखात्याची परवानगी काढताना सेट नेणार असल्याचं सांगून टाका.

सेट हातात आल्यावर करायचं काय? आधी पूर्ण चार्ज. दोन्ही सेट एकाच चॅनेलवर. मग टोनचं बघा, इथं आम्ही एक अख्खी रात्र घालवली. सीटीसीएसएस नावाची सेटिंग असते, बोलण्याबरोबर एक ऐकू न येणारा टोन जातो आणि तोच टोन आला तरच समोरचा सेट आवाज सोडतो, काही कंपन्या तिला "प्रायव्हसी कोड" म्हणतात. माझ्या सेटवर ती चुकून चालू झालेली, म्हणजे माझं बोलणं दुसऱ्या सेटवरच्या आबांना जायचं पण आबांचं मला काहीच नाही, आबा तिकडं बोंबलतायत आणि मी म्हणतोय आबा झोपले वाटतं. चॅनेल एकच असून एकाच बाजूनं ऐकू येत असेल तर डोळे झाकून आधी टोन तपासा. आणि प्रायव्हसी वगैरे काही नसते त्यात, टोननं फक्त दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या सेटवर दाबलं जातं, तुमचं बोलणं त्या चॅनेलवरचा कोणीपण ऐकू शकतो. तेव्हा घरचे व्यवहार तिथं नकोत.

स्क्वेल्च म्हणजे खरखर दाबायची सेटिंग, दोन-तीनवर ठेवा. फार वाढवलं तर लांबचा बारीक आवाज पण कापला जातो, मग वाटतं रेंजच नाही.

बोलताना बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग तोंड उघडा. लगेच बोललात तर पहिला शब्द जातो, आणि बटण लवकर सोडलं तर शेवटचा, म्हणजे "चालू करू नको" चं "चालू करू" व्हायचं, म्हणून आम्ही "नको" शब्दच काढून टाकला. "चालू" आणि "बंद", बास. समोरच्यानं तोच शब्द परत म्हणायचा, मगच स्टार्टरला हात लावायचा. सेट तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना सरळ उभा, ओरडायचं नाही, ओरडलं की आवाज फाटतो. बोलून झालं की "ओव्हर" म्हणा आणि बटण सोडा. आबा बटण सोडायचेच नाहीत, म्हशीला दिलेल्या शिव्या सगळ्या मला ऐकू यायच्या आणि मला काय बोलताच यायचं नाही, कारण यात एका वेळी एकच बोलू शकतो. शेवटी मेन्यूत टाईमआऊट टायमर सापडला, तो साठ सेकंदावर लावला, मिनिटभरानं सेट आपोआप गप्प.

अँटेना निघणारा असेल तर तो काढून बटण कधीच दाबू नका, आतला पॉवरचा भाग जळतो. पावसात सेट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड खालच्या बाजूला.

याची गोडी लागली आणि मोठा सेट हवाच वाटला तर रीतसर रस्ता हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओच्या लायसनचा आहे. वय १२ पूर्ण पाहिजे, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची, म्हणजे बिनतारी शाखेची, परीक्षा द्यायची, अर्ज सरल संचार पोर्टलवर. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला रेडिओची थिअरी आणि नियम, जनरल ग्रेडला वर मोर्स कोड. पास झाल्यावर व्हीयू३ किंवा व्हीयू२ नं सुरू होणारं कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं ओळखीचं नाव, मिळतं आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर यूव्ही-५आर सारखा सेट उजळ माथ्यानं वापरता येतो. पण ते धंद्यासाठी नाही, आणि समोरचा पण लायसनवालाच लागतो. म्हणजे मी उद्या हॅम झालो तरी आबांना पाणी सोडायला सांगायचं ते ४४६ च्या अर्ध्या वॅटवरच, कठड्यावर चढून.