सांगलीच्या थंडीत निघून रत्नागिरीच्या घामात पोचताना

डिसेंबरात रत्नागिरीला निघालात की शेजारीपाजारी एकच सांगतात, "थंडीचे दिवस आहेत, जाड कपडे घ्या." ऐकू नका. मी ऐकलं आणि दोन दिवस भोगलं.

रस्ता सोपा आहे: कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा. साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पहाटे पाचला निघा.

घोळ होतो तो कपड्यांत. अंकलीच्या पुलावर कृष्णेचं धुकं असतं आणि हात खिशातून निघत नाहीत. आंबा घाटात वारा कानाला झोंबतो. घाट उतरलात की साखरप्याला हवा जड होते, पालीला येईतो मान चिकट. समुद्राचं पाणी जमिनीसारखं रात्रीत गार होत नाही, त्यामुळं आपल्याकडं पहाटे हुडहुडी भरते त्याच दिवशी रत्नागिरीत दुपारी पारा तिशीच्या वर असतो. वर दमट हवा.

पहिल्या खेपेला मी आतून थर्मल, वर जर्किन आणि जाड जीन्स असा नटून गेलो होतो. जर्किन निघालं, पण थर्मल भर रस्त्यात काढणार कुठं? घामानं निथळत फिरलो. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली, ती दोन दिवस वाळली नाही. परतताना ओली पिशवीत घालून आणली. घरी पिशवी उघडल्यावर काय ऐकावं लागलं ते सांगत नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: ऊब बाहेरून घ्यायची, आतून नाही. अंगात सुती हाफ शर्ट नाहीतर सुती कुडता, त्यावर पुढून उघडणारा स्वेटर, कानाला मफलर. डोक्यातून घालायचा स्वेटर घेऊच नका, गाडीत बसून तो काढणं म्हणजे कुस्ती. पँट पातळ, गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी. बायकांनी सिंथेटिक साडी घरीच ठेवावी, घामानं अंगाला चिकटते. पायात पट्ट्याची सँडल. बुटात गेलेली ओली वाळू घरापर्यंत सोबत करते. टोपी मात्र हवीच, स्वेटरपेक्षा ती जास्त वेळ वापराल.

बघायचं काय, तेही उन्हाच्या हिशेबानं ठरवा. पोचल्यावर चहा घेऊन थेट रत्नदुर्ग. तीन बाजूंना समुद्र आहे, भगवतीचं देऊळ आहे, पण बाराच्या आत खाली या. दुपारी छपराखाली राहा: टिळकांचं जन्मघर, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढं रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ मध्ये राजा वारला. एवढी वर्षं वाट बघून मिळालेल्या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. तिथं घाई करू नका.

सूर्यास्ताला मांडवी. काळी वाळू, खारा वारा. इथंही स्वेटर लागत नाही, कुणी काही म्हणो.

परतीला निघताना मात्र तो पिशवीत सगळ्यात वर ठेवा. रात्री आंब्याच्या चढाला लागलात की पाचव्या मिनिटाला शोधाल.