नैराश्यातील मुलाला आयटीआयला जायचे असेल तर

दहावीच्या वर्षात किंवा अकरावीच्या पहिल्या सत्रात मूल वर्गात जायचे नाही म्हणू लागते, आणि एके दिवशी म्हणते, "मला आयटीआयला घाला." अशा वेळी घरातील चर्चा बहुधा नातेवाईक काय म्हणतील यावरच अडकते. वास्तविक आधी शोधायचे ते एवढेच की मुलाला त्या कामाकडे जायचे आहे, की केवळ शाळेपासून सुटायचे आहे. नैराश्यात या दोन इच्छा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करायला वेळ लागतो. त्यामुळे लगेच होकार देऊ नये, आणि नकार तर मुळीच देऊ नये.

पहिली पायरी उपचारांची. किशोरवयातील नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून अधिक दिसते. झोप बिघडते, आवडीच्या गोष्टी सुटतात, मित्रांचे फोन घेतले जात नाहीत आणि घरात याला सरसकट उद्धटपणा म्हटले जाते. हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. खासगी दवाखान्याची फी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, शीव, नायर, कूपर आणि जे. जे. या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. जीव नकोसा झाला आहे का, असे मुलाला थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर घरातील औषधे कुलपात ठेवावीत, मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्रवेशाचा विषय मग आपोआप मागे पडतो.

नैराश्यावरील औषधांचा गुण जाणवायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला काढण्याची घाई करू नये, कारण अगदी खालावलेल्या मनःस्थितीत घेतलेला निर्णय नंतर मुलालाच परका वाटू शकतो. दहावीची परीक्षा तोंडावर असेल आणि डॉक्टरांना योग्य वाटत असेल, तर ती कमी अपेक्षा ठेवून देऊ द्यावी. मात्र त्यात अपयश आले, म्हणून सर्व दारे बंद होत नाहीत: वेल्डर, प्लंबर, वायरमन, सुतारकाम अशा आयटीआयच्या काही व्यवसायांना (ट्रेडना) दहावी अनुत्तीर्ण उमेदवारही पात्र असतात. इलेक्ट्रिशियन आणि फिटर यांना दहावी उत्तीर्ण असावे लागते व हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डरचा एक वर्षाचा आहे.

मूल थोडे सावरले की बोलणे सुरू करावे, पण "तुला पुढे काय व्हायचे आहे?" या प्रश्नाने नव्हे. नैराश्यात पुढचे काही दिसतच नाही, आणि हा प्रश्न ऐकून मूल गप्प होते. त्याऐवजी जवळचे, लहान प्रश्न विचारावेत: सकाळी उठून कुठे जायला त्यातल्या त्यात बरे वाटेल, बसून ऐकणे जड जाते की लिहिणे, हाताने केलेले कोणते काम शेवटचे पुरे झाले. "आई, वर्गात सगळे पुढे गेलेत आणि मी तिथेच आहे," असे उत्तर आले, तर अडचण अभ्यासक्रमापेक्षा तुलनेची आहे आणि ती कार्यशाळेतही पाठ सोडणार नाही. "मामाच्या दुकानात पंखा उघडला तेव्हा वेळ कसा गेला कळले नाही," असे आले, तर तो धागा धरावा.

यानंतर संस्था प्रत्यक्ष पाहावी. मुंबईत कुर्ला आणि मुलुंड येथे शासकीय आयटीआय आहेत; परवानगी घेऊन मुलासह कार्यशाळेत जावे. फिटरच्या पहिल्या वर्षातील मुले लोखंडी पट्टी वाइसमध्ये आवळून कानस चालवत उभी असतात, मग काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरतात. फट दिसली की पुन्हा कानस. काही मुलांना हे डोळ्यांसमोर सरकणारे काम फार मानवते, काहींना त्याचा तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. आपले मूल यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे माहितीपुस्तिका वाचून कळत नाही.

प्रशिक्षणाच्या पाळीची (शिफ्टची) वेळ तिथेच विचारावी. सकाळी लवकरची पाळी आणि गर्दीतला लोकलप्रवास हे झोप बिघडलेल्या मुलाला अवघड जाते. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, म्हणून आवडता व्यवसाय दोन तासांवर असण्यापेक्षा दुसऱ्या पसंतीचा व्यवसाय घराजवळ असणे कधी कधी शहाणपणाचे ठरते. औषधाने झोप किंवा गुंगी येत असेल, तर लेथ, ग्राइंडर किंवा विजेचे काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचे मत घ्यावे. औषध आपल्या मनाने थांबवू नये.

प्रवेश राज्याच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. पहिल्या पसंतीची जागा मिळूनही ती घेतली नाही, तर उमेदवार पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. म्हणून पसंतीक्रम मुलाच्या हाताने भरला जावा. वडिलांची पसंती पहिल्या क्रमांकावर सरकवू नये. नातेवाइकांच्या समाधानासाठी सांगायचेच असेल, तर दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदविकेच्या (पॉलिटेक्निक) थेट द्वितीय वर्षाला प्रवेशाची संधी असते, हे सांगावे. खरे तर त्यांना समजावत बसण्यापेक्षा मुलासमोर "दहावीत जमले नाही म्हणून" हे शब्द कोणी उच्चारू नयेत, एवढे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

प्रवेशानंतर निदेशकांना, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांना, किती सांगायचे, हे मुलाला विचारूनच ठरवावे. "तब्येतीचे उपचार सुरू आहेत, महिन्यातून एकदा रुग्णालयात जावे लागते," एवढे वाक्य पुष्कळदा पुरते. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे. पहिल्या महिन्यात हजेरी तुटली तर ओरडण्याऐवजी डॉक्टरांची पुढची तारीख अलीकडे घ्यावी. आणि वर्षाच्या मध्ये मुलाला पुन्हा पुस्तकांकडे वळावेसे वाटले, तर फॉर्म नंबर १७ भरून खासगीरीत्या दहावी किंवा बारावीला बसण्याचा मार्ग असतो. त्याच्या पात्रतेच्या अटी आणि मुदत राज्य शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर त्या वर्षी पाहून घ्यावी.