बियांपासून याबुत्सुबाकी

याबुत्सुबाकी म्हणजे जपानची रानटी कॅमेलिया. आम्ही टोकियोत राहतो, ती माझ्या गॅलरीत बियांपासून वाढलीय. इझू ओशिमा बेटावर या बियांचं तेल काढतात. तिथल्या मुक्कामाच्या घरच्या आजींनी अंगणात पडलेल्या मूठभर बिया दिल्या. फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात तडकतात. बी तपकिरी, टणक, एका बाजूने चपटं.

बिया वाळू देऊ नका. पहिल्या वर्षी मी त्या हिवाळाभर खणात ठेवल्या, एकही उगवली नाही. फार वाईट वाटलं. आता आणल्या की रात्रभर पाण्यात घालते आणि लगेच दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरते. कोंब आधी दिसत नाही. सोटमूळ खाली जातं, म्हणून कुंडी उथळ नको. माती आम्लधर्मी हवी: अर्धी आकादामा, अर्धी कानुमा (दोन्ही कुंड्यांसाठी मिळणाऱ्या जपानी दाणेदार माती), वर थोडं पानांचं खत. चुना अजिबात नको. माती ओलसर ठेवा, पण तळाशी पाणी साचू देऊ नका. सकाळचं ऊन पुरे.

फूल यायला पाच-सात वर्षं सहज लागतात. छाटणी फुलं सरल्यावर लगेच करा, उन्हाळ्यात पुढच्या कळ्या धरतात. मे-जून आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पानं उलटून बघाच. चादोकुगा या पतंगाच्या सुरवंटांचे केस लागले तर अंगावर खाजरं पुरळ उठतं. हातमोजे घालून अख्खं पान पिशवीत कापून घ्या.

या फेब्रुवारीत पहिलं फूल आलं. लाल, पाच पाकळ्यांचं, मध्ये पिवळ्या केसरांची नळी. गळलं तेही अख्खंच, पाकळी न सुटता.