अवेळी भूक लागते? घ्रेलिनले वेळ लावून द्या

भूक नुसती रिकाम्या पोटानं लागत नाही. जठराच्या वरच्या भागात, आतल्या अस्तरात बारीक पेशी असतात, त्या घ्रेलिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात आणि ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसले पोचलं की आपल्याले जेवण आठवते. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी उंदराच्या जठरातून ते शोधलं.

पहिले जेवणाची वेळ बांधा. घ्रेलिन जेवणाआधी वाढते, जेवल्यावर उतरते, आणि रोज ज्या वेळेले जेवता त्याच्या थोडं आधीच वाढायची त्याले सवय लागते. म्हणून आज नवाले आन उद्या बाराले असं करू नका, वावरात जेवत असान तर शिदोरी न्या पण वेळ तीच ठेवा.

मग ताट पाहा, माझ्या मतानं खरी गोम इथंच आहे. पाणी पिऊन पोट फुगवलं तरी घ्रेलिन खाली येत नाही, त्याले अन्नच लागते, आणि प्रोटीन असलं तर ते जास्त वेळ दबून राहते. च्या-टोस्ट नाहीतर नुसता भात नि पातळ रस्सा खाल्ला की घंट्या-दीड घंट्यात पुन्हा काहीतरी खावं वाटते. त्यापेक्षा ज्वारीची भाकर, घट्ट झुणका, सोबत तुरीचं घट्ट वरण किंवा उकडलेलं अंडं घ्या. तूर तर आपल्याच वावरात पिकते ना, मग सगळी यार्डात नेऊन टाकू नका, घरच्या डाळीपुरती ठेवाच ठेवा.

दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायच्या आधी जरा थांबा. पोट भरल्याचा निरोप आतड्यातल्या पेशी देतात, जीएलपी-१ आणि पीवायवाय या हार्मोनांनी, आणि त्याले पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात.

आता झोप. हरभऱ्याले पाणी द्यायचं आणि लाइन येते रातची, मग माणूस मोटर चालू करून बांधावर जागत बसते. झोप कमी झाली की घ्रेलिन वाढते असं काही अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी सारखं गोड नि तळलेलं खावं वाटलं तर त्याले खादाडपणा म्हणू नका, दुपारी झोप काढा आणि घरात दोघं असान तर पाळी लावून घ्या.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटा, चघळून भूक मारू नका, त्यानं तोंडाचा कॅन्सर होते. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असन तर जेवणाच्या वेळा बदलायच्या आधी डॉक्टरले विचारा, नाहीतर वावरातच शुगर खाली जाऊन चक्कर येईन.