पुण्याचं दार ते एडिसनचं दार

न्यू जर्सीत नवीन आलात की दोन-तीन महिन्यांत आई-बाबांच्या तिकिटाचा विषय निघतोच. थेट विमान असेल तर "सोळा तास" असा आकडा दिसतो आणि आपण त्यावरच सगळा बेत आखतो. तो आकडा फक्त विमानाचा आहे, प्रवासाचा नाही.

मुंबई ते न्यूअर्क (न्यू जर्सीतला विमानतळ) सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. सपाट नकाशावर वाटतं, विमान अरबी समुद्रावरून नाकासमोर पश्चिमेला जाईल. घरातला पृथ्वीचा गोल घेऊन दोन्ही शहरांवर दोरा ताणून बघा, तो पार आइसलंडजवळून जातो. प्रत्यक्षात मात्र कुठल्या देशाचं आकाश बंद आहे यावर वाट ठरते, आणि वळसा पडला की तास वाढतात. इकडे येताना समोरून वारा असतो, म्हणून सोळाच्या आसपास. परत जाताना तोच वारा पाठीशी, तेव्हा दीड-दोन तास वाचतात.

आता तारखेचा घोळ, यात आम्ही स्वतः पोळलोय. तिकिटावर 15 तारीख, रात्री 1.30 असं होतं. न्यूअर्कला सकाळी आठला विमान उतरणार, म्हणून साडेसातला गाडीची किल्ली हातात घेऊन सहज बाबांना फोन लावला. उचलला आईने, तोही पुण्याच्या घरातून! "अरे, आत्ता निघतोच आहोत, दशम्या बांधतेय." तिच्या घड्याळात 15 तारखेच्या संध्याकाळचे पाच वाजले होते. विमान पहाटेच गेलं होतं. तेव्हापासून आमच्या घरी तिकिटाची तारीख सांगत नाहीत, "14 ला संध्याकाळी पाचला घर सोडायचं" असंच सांगतात. घाटातली कोंडी आणि विमानतळावरचे तीन-चार तास त्यात धरलेले असतात. इथे इमिग्रेशन, बॅगा उरकून न्यू जर्सीतल्या एडिसन गावी घरात चपला काढेपर्यंत सत्तावीस तास होतात.

उन्हाळ्यात भारत साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. इथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. लग्नाला जाताय? शुक्रवारी रात्री नऊला निघालात तर मुंबईत उतरेपर्यंत शनिवारचे रात्रीचे नऊ. पुण्यात पोचेपर्यंत रविवार उजाडतो. शनिवारची हळद गेली म्हणून समजा.

आखाती देशात विमान बदललं तर तिकीट बरेचदा स्वस्त पडतं, पण वेळ वाढतो. गुडघे दुखत असतील तर थेटच काढा, आणि व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा.

आल्यावर पहिल्याच शनिवारी मित्रमंडळींना जेवायला बोलावू नका. चार-पाच दिवस रात्री अडीचला स्वयंपाकघरात दिवा लागणार. चहा-साखर समोर काढून ठेवा, आणि फोडणीच्या धुराने छतावरचा अलार्म कोकलतो हे आईला आधीच सांगा.