अल्फा-ब्लॉकरची पहिली गोळी रात्री निजतानाच
टेराझोसिन किंवा डॉक्साझोसिन ही अल्फा-ब्लॉकर गटातील औषधे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करतात, म्हणून रक्तदाब उतरतो. तेच काम ती प्रोस्टेट ग्रंथीत आणि मूत्राशयाच्या तोंडाशी करतात, म्हणून अडखळणारी लघवी मोकळी होते. मात्र पहिल्या गोळीनंतर, किंवा मात्रा वाढवल्यावर, उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. म्हणूनच टेराझोसिनची सुरुवात १ मिलिग्रॅमने आणि रात्री निजतानाच करतात. खरा धोका मध्यरात्री असतो, कारण प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला लघवीला उठावे तर लागतेच. तेव्हा आधी अंथरुणावर उठून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, दिवा लावावा, आणि शक्यतो लघवीही बसूनच करावी. गोळ्या काही दिवस चुकल्या असतील, तर जुनी मात्रा परस्पर सुरू न करता डॉक्टरांना विचारावे. बहुधा पुन्हा पहिल्या मात्रेपासूनच चढावे लागते. सिल्डेनाफिलसारखी लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी घेत असल्यास संकोचापोटी ती लपवू नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर टॅमसुलोसिन हे याच गटातील औषध पूर्वी घेऊन बंद केलेले असले तरी नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. त्या औषधाने बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो आणि शस्त्रक्रियेची तयारी वेगळी करावी लागते.