सोनेरी अक्षरं हळदीसारखी का दिसतात? या चुका टाळा

सांगलीत फ्लेक्स आणि पत्रिकांची कामं करताना रोज एखादी तरी फाइल अशी येते, की तिच्यातल्या सोनेरी अक्षरांना कुणी भंडारा फासलाय असं वाटतं. फोटोशॉप तेच, लेयर स्टाइल (अक्षरांवर चमक, सावली, कड चढवणारे इफेक्ट) त्याच आणि चुकाही त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोनं पिवळं असतं असं धरून चालणं. वर लिंबू, खाली केशरी असा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा) टाकला की झालं, असं नव्या पोरांना वाटतं. देवघरातला घासलेला पितळी तांब्या खिडकीशी ठेवा आणि दोन मिनिटं नीट बघा. उजेडाची पांढरट रेघ दिसेल आणि तिला चिकटूनच जवळजवळ काळी पट्टी. चकचकीत धातू समोर जे असेल तेच दाखवतो, फक्त आपल्या रंगात बुडवून. म्हणून धातूचा भास रंगानं होत नाही, उजेड आणि अंधार शेजारी शेजारी आले की होतो.

माझा ग्रेडियंट पाच रंगांचा असतो: गडद तपकिरी (आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, 75-45-10), मळकट पिवळा (190-135-40), जवळजवळ पांढरा (255-240-190), पुन्हा तपकिरी (120-75-20) आणि शेवटी उजळ पिवळा (225-175-75). पांढरा 49 टक्क्यांवर आणि दुसरा तपकिरी 51 वर. हा मधला झटकाच अक्षराला धातू बनवतो. तो सौम्य केलात की परत हळद. अक्षराला उठावाची कड देणाऱ्या बेव्हल इफेक्टच्या शॅडोमध्ये काळा रंग आपोआप येतो, तोही बदलून गडद तपकिरी करा. सोनं निळा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे त्याची सावली तांबूस तपकिरीकडे झुकते. काळ्यानं ते मळकं दिसतं. चांदीला मात्र किंचित निळसर राखाडी शोभते.

दुसरी चूक मला एका रात्रीत महाग पडली. तासगावकडच्या एका गावात कुस्त्यांचं मैदान होतं, 20 बाय 10 फुटांचा फ्लेक्स हवा होता. माझ्याकडे नवीन आलेल्या पोरानं डिझाइन छोट्या फाइलवर केलं, 1440 बाय 720 पिक्सेल. व्हॉट्सॲपवर पाठवलं, कमिटीची मंडळी खूश. मग ती अक्षरं कंट्रोल-टी (ट्रान्सफॉर्म) दाबून मोठ्या फाइलवर ताणली, 17280 बाय 8640. 100 टक्के झूम करून बघितलं तर कड मस्त चकाकत होती, म्हणून मीही प्रिंटला सोडलं. ती माझी चूक.

सकाळी मैदानाच्या कमानीवर फ्लेक्स चढला आणि अक्षरं कागद कापून चिकटवल्यासारखी सपाट. ट्रान्सफॉर्म केल्यावर अक्षर वाढतं, लेयर स्टाइलचे आकडे वाढत नाहीत. बेव्हल 7 पिक्सेलचं होतं ते 7 चंच राहिलं. 72 डीपीआयला, म्हणजे इंचाला 72 ठिपके धरून, ते जेमतेम अडीच मिलिमीटर भरतं. 20 फुटांच्या फ्लेक्सवर अडीच मिलिमीटरची कड रस्त्यावरून कुणाला दिसणार? जोड्या लागायच्या आत 200 चौरस फूट पुन्हा छापून दिलं, माझ्या खर्चानं.

तेव्हापासून फाइल पहिल्यापासून खऱ्या मापाचीच उघडतो. ताणावंच लागलं तर लेयर स्टाइलच्या मेनूतलं स्केल इफेक्ट्स वापरतो किंवा आकडे हातानं भरतो. वरच्या कामात 7 च्या जागी 84 हवे होते. प्रिंटआधी फाइल स्क्रीनवर पूर्ण मावेल इतकी लहान करून दोन पावलं मागं सरकून बघतो. लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करून (मूळ आत गुंडाळून ठेवून) ताणणं हा उपाय नाही. लहान करायला ते बरं, मोठं केलं की आतली अक्षरं पुसट होतात.

उजेडाची दिशा आधी फोटोत बघा. पैलवानाच्या डाव्या गालावर ऊन आणि अक्षरं उजवीकडून चमकतायत, हे लगेच डोळ्यांत खुपतं. सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचा रंग-मोड) करायचं असेल तर आधी फाइलची कॉपी फ्लॅटन करा, म्हणजे सगळ्या लेयर एक करा, मग मोड बदला. उलट केलंत तर स्क्रीन आणि मल्टिप्लाय या मिसळण्याच्या (ब्लेंड) मोडच्या लेयर वेगळ्याच दिसायला लागतात.

आयत्या गोल्ड स्टाइलचे संच मी वापरत नाही. त्यातले आकडे कुणाच्या तरी जाड इंग्रजी अक्षरांसाठी बसवलेले असतात. देवनागरीत शिरोरेघ, मात्रा आणि वेलांटीची बारीक टोकं असतात. मोठं चिझल हार्ड (धारदार कडेचं) बेव्हल लावलं की तिथं चमक उरत नाही, नुसत्या सुरकुत्या दिसतात. ठळक फॉन्ट घ्या. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक तुटक्या टोकाला बेव्हल वेगळी कड काढतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल, तर जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली दक्षिण आशियाई मजकुराचा पर्याय निवडा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा; नव्यात तो पर्याय तिथं नाही, त्यात अक्षरांच्या लेयरला वर्ल्ड-रेडी लेआउट लावा. इफेक्ट त्यानंतर लावा.

लग्नपत्रिकेवर खरा गोल्ड फॉइल (दाबून चिकटवलेला सोनेरी वर्ख) हवा असेल तर यातलं काहीच करू नका. फॉइलचा ब्लॉक (ठसा) सपाट काळ्या अक्षरांवरून बनतो. बेव्हल, ग्रेडियंट, सावली सगळं काढा आणि अक्षरं 100 टक्के काळी करून व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात) पाठवा.